जाड पायांची जात

गंगापूर रोडने शहराबाहेर निघालं की नव्वदच्या दशकात घरं लवकर संपायची आणि मळे सुरू व्हायचे. त्या मळ्यांमध्ये चतुराबाईच्या कोंबड्यांचं नाव होतं. मळा तिच्या नवऱ्याचा, रंगनाथचा. त्यातले गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर सगळं त्याच्या हुकमातलं. पण गोठ्यामागचं खुराडं, त्यातल्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढं राज्य चतुराबाईचं होतं, आणि त्या राज्यात ती कुणाची ढवळाढवळ खपवून घेत नसे. "तुझ्या कोंबड्यांनी वाफा उकरला," अशी तक्रार रंगनाथने एकदा केली, तर आठवडाभर त्याच्या ताटात अंडं दिसलं नाही. मग त्याने तक्रार सोडली आणि वाफ्याला कुंपण घातलं.

या राज्याची राणी म्हणजे कवडी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, चालणं तोऱ्यात, वय पाच वर्षं. येवल्याजवळच्या माहेराहून चतुराबाईने लग्नानंतर एक कोंबडी आणली होती, तिची ही खापरपणती की काय ती लागत होती. पुढे आई गेली, भावांनी घर विकलं, आणि माहेरचं म्हणावं असं चतुराबाईजवळ ही जात सोडून काही उरलं नाही. कवडी वर्षातून तीनदा खुडूक व्हायची, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसायची. एकदा बसली की पंधरातली चौदा पिल्लं काढल्याशिवाय उठायची नाही.

मळ्यातल्या बायका चांगल्या कोंबडीची अंडी वाट्याने देत. अंडी माझी, खुडूक कोंबडी तुझी; पिल्लं निघाली की निम्मी तुला, निम्मी मला. चतुराबाईच्या अंड्यांसाठी नंबर लागायचा, कारण तिच्या पिल्लांत दर खेपेला एखाद-दुसरा नर असा निघायचा की तीन महिन्यांत त्याचे पाय अंगठ्याएवढे जाड व्हायचे. नळी भरदार, हात लावला तर गरम. अशाला 'पायाचा कोंबडा' म्हणत आणि त्याचा मान मोठा होता. तोच राखायचा, त्याच्याच कोंबड्यांची अंडी बसवायची, बाकीचे नर रविवारी चुलीवर.

आता हे पायाचे कोंबडे वर्षा-दीड वर्षात तुरा पांढरा पडून मरायचे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्याचं उत्तर बायकांजवळ तयार होतं. इतकं देखणं जनावर, त्याला नजर लागणारच. म्हणून त्याच्या पायात काळा दोरा बांधायचा. दोरा काचायला लागला की पाय आणखी भरला म्हणून कौतुक करायचं आणि दोरा सैल करायचा. असं दहा-बारा वर्षं चाललं होतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतिभा कोंबड्यांना मानमोडीच्या रोगाची लस टोचायला मळ्यात आल्या. तरुण बाई, लुनावरून आलेल्या, ओढणी कमरेला गुंडाळलेली. तेव्हा चतुराबाईचा कोंबडा होता खांब्या. नावाप्रमाणेच त्याचे पाय. तो चालायचा ते एकेक पाय उचलून, जपून ठेवत. चतुराबाई त्याला डौल म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी त्याला उचललं, पायाच्या नळीवरून बोटं फिरवली आणि बराच वेळ फिरवतच राहिल्या.

"मावशी, याला असं कधीपासून होतंय?"

"असं म्हंजी? जल्माचाच गुणी हाय तो. आमची जातच लय जोरदार. तुमाला अंडी पायजे असतील तर नंबर लावावा लागंल, आधीच सांगते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खांब्याचा तुरा पाहिला, डोळ्याची खालची कड ओढून पाहिली. "हा फार दिवस काढणार नाही," त्या म्हणाल्या. "गेला तर पुरू नका. मला निरोप द्या."

चतुराबाईला राग आला. दुसऱ्याच्या दारात येऊन अशुभ बोलायचं म्हणजे काय, असं ती रंगनाथला संध्याकाळपर्यंत ऐकवत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे खांब्या आरवला आणि दिवस वर यायच्या आत मेला.

डॉक्टरीणबाईंनी गोठ्यासमोर पोतं अंथरून त्याला कापायला घेतलं. पायाच्या नळीपाशी आल्यावर त्यांची कात्री चालेना. सुरी चालेना. शेवटी त्यांनी रंगनाथकडे पाइप कापायची करवत मागितली. कोंबड्याच्या पायाला करवत, म्हणून रंगनाथ हसतच कापायला बसला. जरा वेळाने त्याचं हसू गेलं आणि कपाळावर घाम आला. हाडाचा पांढरा भुसा पोत्यावर पडत होता. अखेर तुकडा निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो धुऊन चतुराबाईच्या तळहातावर ठेवला.

तिचा हात खाली गेला. बोटाएवढा तुकडा, पण हाडाच्या मानाने इतका जड की नकळत तिने दुसरा हात खाली धरला. तिने कापलेली बाजू वर केली. चतुराबाईने जन्मात किती कोंबड्या कापल्या, किती नळ्या फोडून चोखल्या त्याची गणती नव्हती. नळी पोकळ असते, आत मगज असतो, हे तिला स्वतःच्या हातापायांइतकं ठाऊक होतं. या नळीत पोकळी नव्हतीच. कडेपासून कडेपर्यंत नुसतं हाड, पांढरंशुभ्र, गुळगुळीत, आणि बरोबर मधे सुई जाईल एवढा एक लाल ठिपका.

"रक्त तयार होतं ते या मगजात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाड आतून आणि बाहेरून वाढत गेलं, मगजाला जागाच उरली नाही. कॅन्सरच्या गोतातला रोग आहे हा. हाडाला 'वाढ' म्हणणारं असतं तसं 'थांब' म्हणणारंही असतं. ते 'थांब' म्हणणारंच यात जातं."

"मंग हा जगला कशावर? आज पहाटं बी आरवला की तो."

"ते मलाही कळत नाही, मावशी."

चतुराबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिली. एवढ्याशा जागेतून हा देह चालला, अंगणभर फिरला, पहाटे मान वर करून आरवला. त्याच्या दुखऱ्या, जपून टाकलेल्या पावलांना आपण डौल म्हणत होतो हेही तिला त्याच वेळी कळलं, आणि तिने मान खाली घातली.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला समजेल असं सांगितलं. हा एका विषाणूचा रोग. माणसाला तो होत नाही, त्याची भीती नको. पक्ष्यांत मात्र तो आईकडून अंड्यात उतरतो, अंड्याच्या पांढऱ्यात बसून राहतो आणि पिल्लाबरोबर जन्माला येतो. पिल्लू निघालं की त्याच्याकडून शेजारच्या पिल्लाला.

"म्हंजी खांब्याचा दोष नाय?"

"खांब्या बिचारा भोगणारा होता. देणारी कोण आहे ते अंडी तपासल्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक कोंबडीची तीन-तीन अंडी पुण्याला प्रयोगशाळेत पाठवते. पण कुठलं अंडं कुणाचं ते लिहून ठेवायला हवं. कोंबड्या वेगळ्या कोंडा."

"कशाला कोंडायच्या?" चतुराबाईने टोपली पुढे ओढली. "ह्ये निमुळतं तांबडीचं. ह्ये खडबडीत चितळीचं. ह्ये, डाव्या अंगाला जरा दबलंय, ते कवडीचं."

डॉक्टरीणबाईंना काही हे पटेना. त्यांनी दोन दिवस खुराड्यासमोर स्टूल टाकून बसून पाहिलं. कोंबडी उठली की त्या अंड्यावर बारीक पेन्सिलीने खूण करायच्या आणि टोपलीत मिसळून चतुराबाईपुढे धरायच्या. चतुराबाई खूण झाकून नाव सांगायची. एकही चुकलं नाही. "मावशी, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही," त्या म्हणाल्या. पण चतुराबाईला या वेळी कौतुक गोड लागलं नाही. अंडं उन्हापुढे धरलं की पाचव्या दिवशी आतल्या लाल शिरा तिला दिसायच्या. गढूळ, रिकामं, मेलेलं तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि एवढी वर्षं ज्यात हे बसलं होतं ती अंडी तिने रोज हातात धरली होती. तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

महिन्याने पुण्याहून कागद आला. अकरापैकी दहांच्या अंड्यांत रोग होता. सगळ्यात जास्त कवडीच्या. एकटी तांबडी निर्मळ निघाली. पुन्हा तपासली, तरी निर्मळच.

"कवडीला तर काय बी झालं नाय," चतुराबाई म्हणाली. "पाच वर्सांत तिला शिंक नाय आली."

"कदाचित होणारही नाही. ती स्वतः अंड्यात होती तेव्हाच तो तिच्यात आला. तिच्या शरीराने डोळे उघडले ते त्याला बघतच. तिला तो परका वाटतच नाही, मावशी, घरचाच वाटतो. म्हणून ती त्याच्याशी लढत नाही."

"आन तांबडी? ती बी कवडीचीच लेक. त्याच पोटची, त्याच खुराड्यातली."

"दर अंड्यात तो उतरतोच असं नाही. का उतरत नाही, ते अजून नीटसं कुणाला ठाऊक नाही."

चतुराबाई बाहेर जाऊन तांबडीकडे बघत उभी राहिली. नऊ बहिणी आणि आई बाधलेल्या, आणि ही मधोमध राहून कोरी. आता माहेरची जात राहायची तर या एका कोंबडीच्या जिवावर राहणार होती. तिचीच अंडी घ्यायची, पण कुठल्याही कोंबडीखाली बसवायची नाहीत. पेटीत उबवायची, आणि पिल्लं पहिले दोन महिने मोठ्या कोंबडीच्या वाऱ्यालाही उभी करायची नाहीत. बाकी सगळ्या काढून टाकायच्या. डॉक्टरीणबाईंनी हे असं सरळ सांगितलं.

त्याआधी आणखी एक काम होतं आणि ते चतुराबाईला मरणाहून जड गेलं. चौदा घरांत तिची अंडी वाट्याने गेली होती. ती चौदाही घरी स्वतः गेली. माझी जात म्हणून ज्याचा मी तोरा मिरवला तो रोग होता, असं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. कुणी बसायला सांगितलं, कुणी नाही. शेजारच्या मळ्यातली बायडाबाई, जिने सगळ्यांत मोठा पायाचा कोंबडा राखला होता, ती तर खवळलीच.

"पाय जाड झाले म्हून रोग? मंग आमच्या सासूबाईचे पाय बगितलेस का? त्येंना बी पुन्याला पाठवती का?"

चतुराबाईने पदरातून तो हाडाचा तुकडा काढला आणि तिच्या हातात दिला. बायडाबाईचा हात खाली गेला. तिने तुकडा उलटा केला, मधला ठिपका पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कोंबड्याच्या पायातला दोरा काढून डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

नऊ कोंबड्या गेल्या. खुराडं खरवडून चुना मारला. निफाडच्या नणंदेकडून नर आणला, त्याचंही रक्त तपासून घेतलं, आणि तो आणि तांबडी गोठ्याच्या पलीकडे जाळीत राहू लागली. कवडी मात्र राहिली. चतुराबाईने डॉक्टरीणबाईंकडे मुदत मागितली होती. मळ्याच्या टोकाला विहिरीपाशी बांबूच्या डाल्याखाली ठेवते, दाणा-पाणी रंगनाथ करेल, मी शिवणार नाही, पण एवढा हंगाम जाऊ द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी नको म्हणते. पण कोंबडी तुमची."

तांबडीची पंधरा अंडी पेटीत ठेवली. लाकडी पेटी, आत बल्ब, पाण्याची वाटी, लटकवलेला थर्मामीटर. कोंबडी अंडी पालथी करते तशी दिवसातून चार वेळा चतुराबाई ती पालथी करायची. वीज गेली की पेटीला गोधडी लपेटून बसायची. फुलांच्या टोपल्या ठेवायच्या खोलीत ही पेटी होती आणि आत जायचं तर आधी अंघोळ, मग खुंटीवरचं वेगळं लुगडं. देवासाठी त्या घरात कधी कुणी सोवळं पाळलं नव्हतं. रंगनाथ म्हणायचा, "आता मला बी लांबूनच वाढ." ती खरंच लांबून वाढायची.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सहा अंडी उघडलीच नाहीत. पिल्लं ओली, मग फुललेली, मग नुसती बडबड. त्यांना चोच पाण्यात बुडवून पाणी दाखवावं लागलं. कण्यांकडे ती बघतच नव्हती. कोंबडी चोच मारून दाखवते तेव्हा पिल्लू खायला शिकतं, आणि इथे कोंबडीच नव्हती. चतुराबाई एकेकाच्या चोचीत कणी घालत होती. त्याने कसंबसं पोट भरत होतं, पण पिल्लं वाढीला लागत नव्हती. चौथ्या दिवशी दोन पिल्लं पंख सोडून कोपऱ्यात बसली.

पाचव्या दिवशी सकाळी चतुराबाई फुलांची शेवटची टोपली रंगनाथच्या गाडीवर चढवत असताना तिला खोलीच्या दिशेने कोंबडीचा आवाज आला. खुडूक कोंबडी पिल्लांना बोलावते तो आवाज, खोल, घशातला, एकसारखा. ती धावली.

कवडी दारात होती. कुत्र्याने डालं उलटवलं असावं. ती खुडूक झाली होती, पिसं फुलवलेली, आणि बंद दाराला चिकटून बोलावत होती. दाराच्या फटीला पोतं कोंबलेलं होतं ते ती पायांनी उकरत होती. आणि आतून तिला उत्तर येत होतं. पंख सोडून बसलेली धरून सगळीच्या सगळी पिल्लं दारापाशी आली असणार, असा तो एकच कल्लोळ होता.

चतुराबाईचे पाय जागीच थांबले. या पिल्लांनी कोंबडी पाहिली नव्हती. बल्बच्या उजेडात ती निघाली, त्यांच्या कानांवर माणसाचा आवाज सोडून काही पडलं नव्हतं. ही तुमची आजी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? आणि विहिरीपाशी डाल्याखाली बसलेल्या कवडीला, की तुझ्या लेकीची पिल्लं त्या खोलीत आहेत? रोगासारखंच हेही अंड्यातूनच आलं असणार, चतुराबाईच्या मनात आलं. ते दिसलं नाही तसंच हेही दिसलं नाही. तिला हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात पोत्याचा कोपरा सुटला आणि फटीतून एक पिवळी चोच बाहेर आली.

तिने झडप घालून कवडीला काखेत घेतलं आणि पायाने पोतं आत रेटलं. कवडीने धडपड केली नाही. उबवणाऱ्या कोंबडीचं पोट असतं तसं तिचं पोट उघडं आणि कढत होतं, ते चतुराबाईच्या हाताला लागत होतं. मागून रंगनाथ आला. त्याने सगळं पाहिलं आणि हात पुढे केला. "आण इकडं. मी करतो."

"नगं," चतुराबाई म्हणाली. "माहेरचं हाय. माझं मीच करते."

विहिरीपलीकडे तिने ते एका झटक्यात केलं, कवडीला कळू न देता. खड्डा खणला, चुना टाकला, माती ओढली. मग रडली, ते मात्र चांगलं मोठ्याने, कारण तिथे ऐकायला कुणी नव्हतं. नंतर विहिरीच्या पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली, घरात येऊन खुंटीवरचं लुगडं नेसली आणि खोलीत गेली.

पुढे दोन महिन्यांनी त्या नऊ पिल्लांचं रक्त पुण्याला गेलं आणि नऊही निर्मळ निघाली. त्यांच्या वंशातल्या कोंबड्या आजही त्या बाजूला आहेत, बारीक पायांच्या, आणि बायका त्यांची अंडी वाट्याने देतात. पण चतुराबाईला विचारलं तर ती पुण्याच्या कागदाचं सांगत नाही. ती त्या सकाळचं सांगते.

पिल्लं अजून दाराकडे तोंड करून उभी होती. बाहेरचा आवाज थांबल्यावर ओरडून ओरडून त्यांचे घसे बसत आले होते. चतुराबाईने हातावर घेतलेल्या कण्यांकडे एकानेही पाहिलं नाही. ती जमिनीवर बसली. उजव्या हाताची बोटं तिने चोचीसारखी जुळवली आणि कण्यांवर आपटली, टक टक, टक टक. पिल्लं वळली नाहीत. तिने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग घसा खाली ओढून, इतकी वर्षं कानांवर पडलेला, कवडीचा पिल्लांना बोलावायचा आवाज तिने काढला. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा तो जमला, आणि तिचा तिलाच इतका खरा वाटला की ती दचकली. ओरडणं बंद पडलं. एक पिल्लू वळलं, मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि धावत येऊन तिच्या बोटांशेजारी चोच मारून कणी उचलली. मग दुसरं आलं. ती आवाज करत राहिली, आणि एकेक करून नऊही पिल्लं दारापासून वळून तिच्याकडे आली.